कागदाची सत्ता आणि कर्जतची शाळा

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या स्मृत्यर्थ कर्जत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या कर्मवीरांविषयी वक्त्याने गौरवपर बोलावे आणि श्रोत्यांनी ते भक्तिभावाने ऐकावे, हा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, तो मोडू पाहणाऱ्यावर कृतघ्नतेचा आरोप यावयाचा. तथापि ज्या पुरुषाने आयुष्यभर मानसन्मानापेक्षा मुलांच्या पटाची चिंता वाहिली, त्याचे स्मरण त्याच्या कार्यविषयाच्या चिंतनानेच करणे अधिक उचित, असे मला वाटते. आणि म्हणून कर्जतच्या शाळांचा इतिहास हा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी घेतला आहे.

शाळेचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिकेची समिती नेमली जाते. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, जागा कोणी दिली, पहिले मुख्याध्यापक कोण, निकाल शेकडा किती, याची जंत्री तयार होते, आणि मागील पानांवर आडत दुकानांच्या जाहिराती येतात. ही जंत्री निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु गावाला शाळा कशासाठी हवी होती, ती कोणाला लाभली, कोणाला लाभली नाही, आणि लाभल्यानंतर गावाचे काय झाले, हे प्रश्न तिच्यात उपस्थितच होत नाहीत. या प्रश्नांचा मागोवा घेताना जे सूत्र माझ्या हाती लागले, ते आरंभीच सांगून टाकतो. या मुलखातील माणसावर गेली दोनशे वर्षे कागदाची सत्ता चालत आली आहे. कधी सावकाराच्या खताची, कधी कचेरीच्या हुकमाची, कधी शाळेच्याच दाखल्याची. आपल्यावर सत्ता गाजवणारा हा कागद आपला आपल्याला वाचता यावा, यासाठी येथील रयतेने केलेली दीर्घ आणि अद्याप अपूर्ण राहिलेली खटपट, हाच माझ्या मते कर्जतच्या शाळेचा इतिहास होय.

१

कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाला घाटाखालचे कर्जत आठवते, आणि आपल्याला 'नगरचे कर्जत' असा खुलासा करावा लागतो. त्या कर्जताला रेल्वेने मोठे केले. आपल्या कर्जताला रेल्वे आलीच नाही. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तो श्रीगोंद्याच्या अंगाने नगरकडे निघून गेला. पूर्वेला सीना, दक्षिणेला भीमा, आणि दोहोंच्या मध्ये पर्जन्यछायेत पडलेला उघडा माळ, असा हा तालुका. भीमेच्या काठचे सिद्धटेक, राशीनची जगदंबा आणि खुद्द कर्जतचे ग्रामदैवत संत गोदड महाराज यांच्या निमित्ताने बाहेरचा माणूस येथे येई. एरव्ही येथील सृष्टी म्हणजे रब्बीची ज्वारी, मेंढरांचे कळप आणि रेहेकुरीच्या माळावरची काळविटे. परतीच्या पावसाने पाठ फिरवली की सुगी बुडाली, आणि सुगी बुडाली की सावकाराचे दार, हा येथील अर्थव्यवहाराचा अनुक्रम होता.

अशा कोरड्या मुलखात या गावाला महत्त्व आले ते मामलेदार कचेरीमुळे. जमाबंदी, वसूल, जप्ती, तगाई, फौजदारी यांपैकी कोणत्याही कामासाठी तालुक्यातील माणसाला कर्जतची वाट धरावी लागे. येथे आल्यावर त्याची गाठ प्रथम पडे ती कागदाशी, आणि तो वाचून दाखवणाऱ्याशी. नदीकाठी जसा घाट बांधला जातो, तशी कचेरीच्या आश्रयाने शाळा उभी राहते, हे महाराष्ट्रातील बहुतेक कसब्यांचे वृत्त असून कर्जत त्यास अपवाद नाही.

२

इंग्रजी अंमल बसण्यापूर्वी येथे शिक्षण नव्हते असे समजणे चुकीचे होईल. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत पंतोजींची शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, औटकी घोकावी, पुढे बोरूने मोडी वळण घटवावे, आणि हिशेब लिहिण्यापुरता हात बसला की शाळा सुटावी, असा तो क्रम होता. पंतोजीचा मोबदला धान्याच्या रूपाने येई, छडी मात्र रोख असे. या शाळेत कुलकर्ण्याचा, जोशाचा, वाण्याचा मुलगा येई. कुणब्याचा क्वचित येई, आणि आला तरी पेरणीच्या दिवसांत उठून जाई. तेव्हा कागद लिहिणारे आणि कागदावर निशाणी करणारे असे गावाचे दोन भाग पडलेले होते, ते या शाळेने तसेच राहू दिले.

सरकारी शाळेचा प्रसार झाला तो रयतेच्या पैशावर, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. त्यानंतर सार्‍याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसवून त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे लावण्याची व्यवस्था १८६३ पासून सुरू झाली, आणि १८६९ च्या कायद्याने तिला कायमचे रूप आले. ज्वारीच्या कणसातून निघालेला हा आणा मामलेदार कचेरीत जमा होई आणि त्यातून मास्तरचा पगार निघे. परंतु आणा देणाऱ्याचा मुलगा त्या मास्तरसमोर बसला होता काय, या प्रश्नाचे उत्तर थोड्याच वर्षांत एका विलक्षण रीतीने मिळाले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे वेढून खते आणि वह्या हिसकावून घेतल्या, त्या जाळल्या. आणि ही वार्ता पसरताच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतही तसेच प्रकार घडले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंद झालेल्या या प्रकरणाची एक बाजू अशी की, जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो कागदावर होता. जेथे सावकाराने खते निमूटपणे काढून दिली, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही.

हे खत कसे असे, ते क्षणभर डोळ्यांपुढे आणा. मजकूर मोडीत, एकसलग, शब्द न तोडता लिहिलेला. घेतलेली रक्कम, मागील बाकी, तीत मिळवलेले व्याज, मुदत, आणि शेवटी तारण म्हणून जमीन. खाली एका बाजूला साक्षीदार, दुसऱ्या बाजूला कुळाचे नाव. आणि नावापुढे कुळाने आपल्या हाताने काढलेली आकृती, नांगराची निशाणी. साऱ्या दस्तऐवजात त्याचे स्वतःचे म्हणावे असे एवढे एकच चिन्ह, आणि त्याच्याच वरच्या ओळीत त्याचा नांगर चालणारी जमीन दुसऱ्याच्या नावे गहाण पडलेली. जो कागद वाचता येत नाही, त्याच्याशी युक्तिवाद करता येत नाही. त्याला जाळता तेवढे येते. १८७५ चा तो अग्नी ही निरक्षर माणसाला उपलब्ध असलेली एकमेव हरकत होती.

सरकारने चौकशी कमिशन नेमले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात गावोगाव रजिस्ट्रार नेमून शेतकऱ्याचा दस्तऐवज त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तरतूद होती. कायदा हितकर होता, परंतु त्याची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतकऱ्याला वाचता येत नाही हे गृहीत धरून, त्याच्या वतीने वाचणारा आणखी एक अधिकारी त्याने नेमून दिला. शेतकऱ्यालाच वाचावयास शिकवावे, हे त्या कायद्याचे काम नव्हते. ते काम कोणाचे, हा प्रश्न तीनच वर्षांनी, १८८२ साली, हंटर कमिशनपुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी उपस्थित केला. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग ज्याच्या घामातून येतो, त्या रयतेच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करून वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप सर्वश्रुत आहे. त्या निवेदनातील प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. बालबोध आणि मोडी अशी दोन्ही लिप्यांची ओळख, हिशेब, आणि त्याबरोबर शेतीचे मूलज्ञान, अशी त्यांची मागणी होती. पोथी बालबोधात असते आणि खत मोडीत असते, हे ज्याला ठाऊक होते त्याचीच ही मागणी असू शकते. ज्या मुलाची शाळा मोडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुटत होती, तो साक्षर म्हणून गणला गेला तरी सावकाराच्या दारात निरक्षरच ठरत होता.

३

तरीही शाळा रुजली, आणि रुजताना तिने गावात एक नवा पुरुष निर्माण केला. पगार अल्प, डोक्याला रुमाल, हातात छत्री, असा हा मास्तर पुष्कळ खेड्यांत पोस्टमास्तरही असे. आलेले पत्र तोच वाची, उत्तर तोच लिही, आणि मनीऑर्डरीच्या पावतीवर अंगठा तोच उठवून घेई. कचेरीचा अर्ज लिहावयाचा असला तरी लोक त्याच्याकडे येत. सावकार आणि कुलकर्णी यांच्याखेरीज कागद जाणणारा, आणि ज्याचा त्या कागदात काही स्वार्थ नाही असा हा गावातील पहिला माणूस. त्याच्या शाळेतून जो व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होई, त्याला तलाठ्याची, मास्तरची किंवा कारकुनाची जागा मिळण्याचा संभव असे. म्हणून त्या परीक्षेची प्रतिष्ठा आजच्या पदवीहून कमी नव्हती.

परंतु या शाळेचा पट जितका बोलतो, तितकेच त्यात नसलेली नावेही बोलतात. मुलींची नावे प्रारंभी जवळजवळ नाहीत. येथून सुमारे ७५ किलोमीटरांवरील नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. तेथे मिस सिंथिया फॅरार यांनी मुलींची शाळा चालविली, आणि ती पाहूनच आपल्याला स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाल्याचे फुल्यांनी सांगितले आहे. म्हणजे पुण्याच्या १८४८ च्या मुलींच्या शाळेचे एक मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. परंतु नगरचा तो प्रकाश पुण्यास पोहोचावयास जितका काळ लागला, त्याच्या कित्येक पट अधिक काळ तो नगरहून दक्षिणेच्या खेड्यांत यावयास लागला.

अस्पृश्य गणलेल्या जातींच्या मुलांना मिशनच्या शाळांनी प्रथम आसरा दिला. सरकारी शाळेचे दार त्यांना कायद्याने बंद नव्हते, पण ओसरीवर बसवणे, पाटी दुरून तपासणे, हे प्रकार दार उघडे ठेवूनही चालू शकतात. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, यावरूनच तोपर्यंतची स्थिती काय होती ते उघड होते. आणि पारधी समाजाचे तर नाव शाळेच्या पटावर येण्याऐवजी चावडीच्या हजेरीत येत राहिले. गुन्हेगार जमाती कायद्याचे जोखड स्वातंत्र्यानंतर उतरले, तेव्हा कुठे त्याची वाट शाळेकडे वळण्याची शक्यता निर्माण झाली. एकाच गावात दोन हजेरीपट, एक मास्तरचा आणि एक पोलीस पाटलाचा, हे दृश्य आपल्या इतिहासाचा भाग आहे, आणि स्मरणिकेत त्यासाठी पान राखलेले नसते.

४

या पार्श्वभूमीवर भाऊरावांचे मोठेपण निराळ्या उजेडात दिसते. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आले. भाऊरावांनी प्रथम शाळा काढली नाही, प्रथम वसतिगृह काढले. मूल शाळेत का टिकत नाही, याचे कारण त्यांनी शाळेच्या आत शोधले नाही. ते भाकरीत, जातीत आणि अंतरात आहे हे त्यांनी ओळखले. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र रांधावे, श्रम करून शिकावे, या एका व्यवस्थेने त्यांनी तिन्ही अडचणींवर उपाय केला. पुढे शिक्षकांचा तुटवडा आहे हे दिसताच १९३५ साली त्यांनी साताऱ्यास अध्यापकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज उघडले, आणि शाळा नसलेल्या खेड्यांत व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले. गांधीजींच्या वधानंतर त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला; त्याच सुमारास सरकारी रोषामुळे संस्थेचे अनुदान बंद पडले असतानाही लोकांनी मूठमूठ धान्य आणि रुपया-आठ आणे देऊन ती जगवली. लोकलफंडाचा आणा रयतेने हुकमाने दिला होता. हा आठ आण्यांचा तुकडा तिने आपखुशीने दिला. कागद वाचता यावा ही इच्छा आता सरकारची राहिली नव्हती, ती गावाची झाली होती, याचा याहून सबळ पुरावा मला सांगता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर वेग आला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. शाळांच्या भिंतींवर 'जीवन शिक्षण मंदिर' ही अक्षरे उमटली आणि मुलांच्या हाती पाटीबरोबर टकळी आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांची फी माफ झाली, ई.बी.सी.चा अर्ज हा खेड्यातील बापाने मुलाच्या शिक्षणासाठी भरलेला बहुधा पहिला कागद. उच्च शिक्षणासाठी १९४७ साली स्थापन झालेले अहमदनगर कॉलेज किंवा थेट पुणे, एवढेच पर्याय ज्या तालुक्याला होते, तेथे १९६४ साली रयत शिक्षण संस्थेने दादा पाटील महाविद्यालय सुरू केले. जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन, खानावळीचा डबा लावून शिकणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना सायकलवरून किंवा एस. टी.च्या पासावर पदवीधर होता येऊ लागले. आणि मुलीला परगावी ठेवण्यास जे बाप कधीच राजी झाले नसते, त्यांच्या मुलींना तर त्याखेरीज मार्गच नव्हता.

याच काळात शाळेच्या दफ्तरातील एका ग्रंथाचे महत्त्व वाढत गेले. त्याला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. ते उघडून पाहा. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. घरी जन्माची नोंद नसे. आई सांगे की दुष्काळाच्या वर्षी झाला, किंवा यात्रेच्या आदल्या आठवड्यात झाला. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरावयास सांगत. बोटे कानाला पोहोचली की मूल सहा वर्षांचे झाले असे ठरे, आणि जूनमध्ये शाळा उघडते म्हणून जन्मतारीख १ जून पडे. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची जी अफाट संख्या आहे, तिचे जनकत्व या गुरुजींकडे जाते. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, आणि विचार करण्यासारखेही. नोकरीचा आरंभ, निवृत्तीचा दिवस, निवृत्तिवेतनाचा हक्क हे सर्व पुढे त्या एका ओळीवरून ठरले. कागद वाचावयास शिकवणारी शाळा आता स्वतःच कागद निर्माण करणारी कचेरी झाली होती.

या रजिस्टरातील सर्वांत बोलका रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. तेथे 'पालकाची बदली' हे कारण कचेरीतील नोकरदारांच्या मुलांपुढे दिसावयाचे; कुणब्याच्या, धनगराच्या, मजुराच्या मुलापुढे 'सतत गैरहजर' एवढेच दोन शब्द. त्या दोन शब्दांत मेंढरांमागे गेलेला मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळावयास घरी ठेवलेली मुलगी आणि बुडालेली सुगी, सारे एकाच शाईत लिहिले गेले आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे या सभेत आहेत. त्या वर्षी पटावरची कितीतरी नावे खडी फोडावयास आणि पाझर तलावाच्या भरावावर गेली. मिलोची भाकर आणि सुकडी यांवर मुले वाढली. परंतु १८७५ आणि १९७२ यांत एक अंतर पडले होते. रोजगाराच्या कामावर मस्टर असे, त्यावर हजेरी लागे, मापाप्रमाणे पगार पडे. आणि गावागावांत आता सातवी-दहावी झालेली मुले होती, त्यांतलीच काही मस्टर कारकून झाली, काही मस्टर वाचून पगार कमी का लागला हे विचारू लागली. संकट तसेच, किंबहुना अधिक कठोर. परंतु कागद जाळण्याऐवजी त्यावर बोट ठेवून हिशेब मागणारा माणूस उभा राहिला होता. शाळेने काय केले, असे विचारणाऱ्याला मी हे उत्तर देईन.

५

आता वर्तमानाकडे वळू. कुकडीच्या कालव्याने तालुक्याच्या काही भागात पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस दिसू लागला, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, जिल्ह्याने चौंडीच्या कन्येचे, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण केले. सकाळी रस्त्याने पिवळ्या गाड्या धावतात आणि वाडीवस्तीवरील मुले गोळा करून इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे नेतात. ज्या जिल्हा परिषद शाळेच्या खोल्या लोकवर्गणीने उभ्या राहिल्या, रंगल्या, तिचा पट वीसच्या खाली उतरल्याने तिचे भवितव्य शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या तक्त्यावर टांगले जाते. २०२३ साली अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. पालकाने इंग्रजी निवडू नये असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या निवडीमागे जुनीच आकांक्षा आहे: सत्तेचा कागद आता इंग्रजीत लिहिला जातो असे त्याला वाटते, म्हणून मुलाला तो वाचता यावा यासाठी तो पदरमोड करतो. परंतु ज्या वस्तीवर गाडी जात नाही, ज्या घराला फी झेपत नाही, त्या मुलासाठी मागे काय उरले, हा प्रश्न सार्वजनिक आहे, आणि त्याचे उत्तर पटसंख्येच्या आकड्यातून निघणार नाही.

खतही संपलेले नाही. त्याने वेष बदलला आहे. पाथर्डी-जामखेडपासून कर्जतच्या काही गावांपर्यंत दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कोयती, म्हणजे नवरा-बायकोची जोडपी, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतात, तिचा करार होतो, आणि त्या हंगामात मुलांचे नाव एका शाळेत आणि मूल दुसऱ्याच जिल्ह्यातील थळावर असे घडते; साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी ही तुटलेली शाळा सांधण्याचा प्रयत्न केला, तो जेथे नेटाने झाला तेथे फळला. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. मोबाइलवर काही मिनिटांत कर्ज मिळते, आणि त्याच्या अटींची लांबलचक पाने न वाचता पदवीधर तरुण 'मान्य आहे' यावर बोट टेकवतो. नांगराची निशाणी करणाऱ्या त्याच्या खापरपणजोबाला वाचता येत नव्हते. याला येते, पण वाचण्याची सवय उरलेली नाही. दोघांच्या हाती अखेर येणारी बाकी मात्र सारखीच असते.

आणि याच वेळी जुन्या दाखल्याला कधी नव्हे ती किंमत आली आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदींचे उतारे मिळवण्यासाठी गावोगावच्या शाळांत रीघ लागली. १९६७ पूर्वीची आजोबांची, पणजोबांची एक ओळ सापडावी म्हणून लोक जीर्ण पाने उलटत होते. कित्येक ठिकाणी नोंद मोडीत निघाली आणि ती वाचणारा जाणकार शोधत फिरावे लागले. या शोधामागच्या आरक्षणाच्या मागणीच्या राजकीय बाजूंविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. पण ज्या रयतेच्या मुलांना मोडी यावी म्हणून फुल्यांनी १८८२ साली आग्रह धरला, तिच्याच वंशजांना आपल्या पूर्वजाचे नाव वाचून घेण्यासाठी २०२३ साली परक्याचे पाय धरावे लागले, ही गोष्ट आपल्या शिक्षणव्यवस्थेने स्वस्थपणे पचवू नये.

६

येथवर केलेल्या विवेचनातून तीन कर्तव्ये निघतात, ती सांगून मी आपली रजा घेईन.

पहिले कर्तव्य रजिस्टरांविषयी. तालुक्यातील प्रत्येक जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर हा या भूमीचा अस्सल इतिहासग्रंथ आहे. त्याला वाळवी आणि गळके छप्पर यांच्या स्वाधीन करणे हा अपराध आहे. त्याच्या प्रतिमा घेऊन त्यांची जपणूक व्हावी, नोंदींतील खासगी मजकुराची मर्यादा पाळून अभ्यासकांना त्या पाहता याव्यात, आणि येथील महाविद्यालयाने मोडीचा वर्ग चालवावा. पटावर कोण होते, कोण नव्हते आणि कोण कोणत्या महिन्यात गळाले, एवढे जरी विद्यार्थ्यांनी मांडून पाहिले, तरी पन्नास स्मरणिकांना जे साधले नाही ते साधेल.

दुसरे कर्तव्य शाळेच्या वर्गातले. सातवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ, पीकविम्याची पावती, सोसायटीचे कर्जखाते, विजेचे बिल आणि मोबाइलवरील कर्जाच्या अटी वाचून त्यांचा अर्थ सांगता आला पाहिजे. यासाठी नवे पाठ्यपुस्तक नको, नवा निधी नको. गुरुजींनी आठवड्यातून एक तास घरचे कागद वर्गात आणवावेत, एवढे पुरे. मुलगी जेव्हा बापाच्या कर्जखात्यातील व्याज स्वतः मांडून दाखवील, तेव्हा तिचे शिक्षण पुरे करण्यासाठी त्याच्याकडे कोणाला रदबदली करावी लागणार नाही.

तिसरे कर्तव्य लहान शाळांविषयी. वस्तीवरील शाळा ठेवावी की मिटवावी, याचा निर्णय पट मोजून होऊ नये. ती बंद झाल्यास मेंढपाळाच्या, ऊसतोड्याच्या आणि पारध्याच्या मुलाला किती चालावे लागेल आणि त्यांतली किती मुले खरोखर चालतील, हे मोजून व्हावा. ज्यांची नावे पटावर सर्वांत शेवटी आली, त्यांचीच सर्वांत आधी गळावीत, असा न्याय भाऊरावांच्या नावाने चालणाऱ्या सभेला तरी मान्य होऊ नये.

शाळा किती निघाल्या, इमारती किती झाल्या, निकाल शेकडा किती लागला, याचा हिशेब सरकारने आणि संस्थांनी चोख ठेवला आहे, आणि तो पुढेही ठेवला जाईल. पुढे आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, समजून, आणि न पटल्यास सही न करता तो परत करणारी माणसे या तालुक्यात किती घडली, हा हिशेब मात्र कोणत्याही खात्याच्या नमुन्यात बसत नाही. तो गावानेच ठेवावयाचा आहे, आणि शाळेचे मोल त्यावरूनच ठरवावयाचे आहे.